आहुप्याच्या कॉफीला एप्रिल छाटणी

फुलायच्या पावसाला आठ दिवस उरले असताना कॉफीची तेहतीस झाडं मी एका दुपारी कापून काढली. झाडं माझी नव्हती. ज्या बाईची होती ती पाण्याला गेली होती, आणि ती परत येईपर्यंत आपण तिच्यावर केवढे उपकार करून ठेवतोय या आनंदात मी घामाघूम झाले होते. नातवंडं विचारतात, आजी, तू आयुष्यात सगळ्यात मोठा मूर्खपणा कोणता केलास, तेव्हा मी त्यांना लग्न केलं तो सांगते, कारण आजोबा पलीकडे पेपर वाचत बसलेले असतात आणि त्यांचे कान बघण्यासारखे होतात. पण खरा मूर्खपणा हा.

तेव्हा मी पंचेचाळिशीच्या आतबाहेर होते. ती बाई आज समोरून आली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन. तिला सगळं ठाऊक होतं. तिच्या गळ्यात चष्मा दोरीला बांधलेला असायचा आणि कमरेला छाटणीची कात्री. नारायणगावजवळ वारूळवाडीत आमची तीन एकर द्राक्षाची बाग होती, बांधापलीकडे धाकट्या दिरांची तेवढीच. वाटण्या होऊन दहा वर्षं झाली होती, तरी माझी जाऊ आणि मी अजून वाटण्या चालू असल्यासारख्या वागायचो. तिनं ओट्याला काळा दगड बसवला, म्हणून मी बसवला. तिनं दारात बोगनवेल लावली, तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले की बोगनवेलीनं विंचू येतात. मला असं काहीतरी हवं होतं जे तिच्याकडे नाही आणि तिला विकतही घेता येणार नाही.

ते मला कर्नाटकात सापडलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका मे महिन्यात, आमच्याकडच्या बागायतदारांची सहल तिकडे गेली. पुरुषांना ठिबक बघायचं होतं, आम्हा बायकांना देवळं. वाटेत चिकमगळूरच्या डोंगरात एका कॉफीच्या मळ्यावर बस थांबली. आमच्याकडे कॉफी म्हणजे पुण्याचा पाहुणा आला तर करायची वस्तू. भरपूर दूध, भरपूर साखर, जायफळ, आणि डब्यातली पूड चिमूटभर, पाहुण्याला वास यावा एवढी. त्या मळ्यावर त्यांनी जी दिली ती प्यायल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आपण आजवर जायफळच पीत होतो.

तिथल्या मुकादमानं आम्हाला मळा हिंडून दाखवला. मोडक्या हिंदीत तो फार मन लावून सांगत होता. ही झाडं मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतात. उंचावर हवी, रात्री थंड हव्या. रात्र थंड असली की फळ सावकाश पिकतं, आणि सावकाश पिकलं की बी भरतं, गोडी आणि आंबटपणा दोन्ही बीमध्ये उतरतात. खाली सपाटीला उन्हात घाईघाईनं पिकलेलं फळ दिसायला तसंच लाल, पण कपात नुसता कडूपणा. माती तांबडी हवी, पाणी मुळाशी थांबायला नको. आणि फुलाचं म्हणाल तर आधी दोन-तीन महिने झाडाला कोरडे जाऊ द्यायचे. कळी फांदीवर गच्च मिटून बसते. मग एक चांगला पाऊस झाला की आठ-नऊ दिवसांत सगळा मळा एकदम पांढरा होतो. पाऊस नाही झाला तर फूल नाही, आणि फूल नाही तर ते वर्ष गेलं.

हे सगळं त्यानं मला सांगितलं. पुढं जे झालं त्यात मला कुणी काही सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी त्या वेळी मान डोलावत होते आणि त्याच्या मागं झाडावर चढलेल्या मिरीच्या वेलाकडं बघत होते. मूठभर मिरी त्याच्या देखत पिशवीत कशी जाईल, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न होता. ती गेली. कॉफीचं मात्र त्या वेळी डोक्यात काही गेलं नाही.

मी शंभर रोपं घेतली. बसच्या टपावर जागा नव्हती, म्हणून दोन बायकांच्या पायाशी ठेवली. त्या दोघी परतीच्या वाटेवर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत आणि त्यांचं बरोबर होतं.

घरी आल्यावर मी जावेच्या दारावरून ती रोपं दोनदा नेली, एकदा सरळ वाटेनं आणि एकदा उगाच. ती ओट्यावर गहू निवडत होती.

"कसली वांगी म्हणायची ही, ताई?" तिनं विचारलं.

"कॉफी आहे ती."

"असं व्हय. आमी आपली वांगी समजलो. वांगी तरी झाली असती."

साठ चांगली रोपं मी निवडली. विहिरीजवळच्या तुकड्यावर वाऱ्याला आडोसा म्हणून शेवरीची ओळ होती, ती आधी काढून टाकली. ऊन नको का मिळायला? द्राक्षाला मिळतं, टोमॅटोला मिळतं, कॉफी काय कुणाच्या घरची जहागीरदार लागून गेली? काळ्या जमिनीत खड्डे घेतले, द्राक्षाला घालतो तेच खत घातलं, आणि ज्या विहिरीच्या पाण्यानं आमच्या हंड्याला वर्षात पांढरी साय धरते ते पाणी सोडलं. पावसाळाभर रोपं बरी दिसली. कार्तिकात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. चैत्रात गरम वारा सुटला तशी पानांच्या कडा चहाच्या चोथ्यासारख्या झाल्या. आमचे हे रोज संध्याकाळी बांधावर उभे राहून विचारायचे, "काय म्हणती कॉफी? किती उकळली?"

दुसरा वैशाख संपेपर्यंत साठातली एकोणसाठ गेली. एक वाचलं, ते मी चुकून न्हाणीघराच्या मागं लावलं होतं म्हणून. तिथं भिंतीची सावली होती आणि मोरीचं पाणी बाराही महिने जात होतं.

उरलेल्या चाळीस रोपांची गोष्ट वेगळी. ती खुरटी, वाकडी होती, म्हणून मी पहिल्याच दिवशी गोठ्यामागं टाकून दिली होती. आमच्याकडे तेव्हा आहुप्याची एक बाई कामाला यायची. दिवाळी झाली की डोंगरातली माणसं खाली उतरायची आणि पावसाच्या तोंडाशी परत जायची. तिकडे भाताच्या खाचरांवर वर्ष निघत नाही. ही बाई सहा-सात वर्षं माझ्याकडे येत होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. द्राक्षाचा घड विरळायला तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. दाटीतला नेमका मणी ती काढायची आणि शेजारच्याला धक्का लागायचा नाही. मी तिला सगळ्यांसमोर "माझी आहुप्याची" म्हणायचे, जशी काही ती माझ्या म्हशींपैकी एक होती. तिला ते आवडत नव्हतं हे मला दिसायचं. म्हणून जास्त म्हणायचे.

मेअखेरीला ती गावी निघाली तेव्हा तिनं गोठ्यामागची रोपं पाहिली. "ही टाकली का, बाई?"

"ने ना. इथं उकिरड्यावरच जाणार आहेत."

तिनं ती दोन पोत्यांत भरली आणि एसटीच्या टपावर घालून नेली. माझ्या साठ रोपांना मी रोज बघत होते, त्या चाळिसांना मी विसरले.

आहुपे म्हणजे आंबेगाव तालुक्याचा पश्चिमेचा शेवट. त्याच्या पुढं कडा आणि खाली कोकण. पावसाळ्यात चार-चार महिने धुकं हलत नाही आणि मग दिवाळीपासून वळवापर्यंत एक थेंब पडत नाही. गावाची देवराई आहे, तिथलं वाळकं पानसुद्धा कुणी उचलत नाही. त्या देवराईच्या खालच्या अंगाला हिचा उताराचा तुकडा होता, तांबड्या मातीचा, वर जांभूळ आणि हिरड्याची जुनी झाडं. त्या सावलीत तिनं रोपं लावली. पाऊस कितीही कोसळला तरी तो आधी जांभळावर पडायचा आणि मग ठिबकत खाली यायचा, आणि उतारावरून निघून जायचा. उन्हाळ्यात ती आणि तिची सासू अंघोळीचं पाणी साठवून झाडं मरणार नाहीत एवढंच घालायच्या. ती खाली आमच्याकडं असायची तेव्हा सासू एकटी घालायची, अधू नजरेनं, हातानं बुंधे चाचपत. त्यातली छत्तीस जगली. हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी फक्त बिया दिसल्या.

चौथ्या हिवाळ्यात, संक्रांतीनंतर ती गावी जाऊन परत आली तेव्हा पदराच्या गाठीतून तिनं मूठभर बिया काढून माझ्या ओट्यावर ठेवल्या. पहिलं फळ धरलं होतं, थोडंसंच. त्याच सुमारास माझ्या मोरीवरच्या झाडालाही फळं आली होती. त्या झाडाला पाणी कधी तुटलंच नव्हतं, त्यामुळं ते कधीही फुलायचं, आज दोन, पुढच्या महिन्यात चार, घरातल्या लाडावलेल्या पोरीसारखं. फळं सहा-साडेसहा महिन्यांतच लाल झाली होती. तिच्याकडं तीच फळं नऊ महिने फांदीवर होती.

मी दोन्ही बिया वेगवेगळ्या भाजल्या. भाजायच्या आधी माझ्या बिया पाण्यात टाकल्या तर निम्म्या तरंगल्या होत्या. तिची एकही वर आली नव्हती. खलबत्त्यात कुटून, फडक्यातून गाळून मी दोन कप ह्यांच्यासमोर ठेवले. कुठला कुणाचा ते सांगितलं नाही.

ह्यांनी माझा कप आधी उचलला. "ही भुईमुगाच्या शेंगा जाळल्या का काय?" मग दुसरा. दोन घोट घेतले, तिसरा घेतला. "हिच्यात काहीतरी हाय, राव. करवंद खाल्ल्यावर तोंडात मागं राहतं ना, तसं. कुठली ही?"

मी म्हटलं, "दोन्ही माझीच."

आहुप्याची दारात उभी होती. हे बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "बाई, यंदा झाडं फांदीला लई भारी झाल्यात. वळीव झाला की सगळी फुलत्यात बघा. आमच्याकडं आता पुण्याची पोरं येत्यात डोंगर चढायला, पाठीवर बोजं घिऊन. धा जणांतली आठ इचारत्यात, मावशी, कॉफी मिळंल का. दारातच चूल मांडीन म्हणते. सासूला आता दिसत न्हाई धड. सहा-सहा महिने तिला एकटीला टाकून यायचं म्हणजे इथं घास गिळत न्हाई. कुठं पडली-झडली तर कोण हाय? तवा पुढल्या थंडीला मी न्हाई यायची. आत्ताच सांगून ठेवते, दुसरी बाई बघा."

किती सरळ बोलली ती. वेळेत सांगितलं, कारण सांगितलं. आणि मला काय ऐकू आलं? मला ऐकू आलं की माझी टाकलेली रोपं तिच्याकडं जगली, माझ्या नवऱ्याला तिची कॉफी आवडली, आणि वर ही मला सोडून चाललीय.

"बघू," मी म्हटलं. "झाडं माझीच आहेत म्हणा तशी."

"तुमी टाकलेली हायेत," ती म्हणाली आणि कामाला गेली.

त्या वर्षी ती होळीनंतर लगेच परत गेली. एप्रिल उजाडला. आता आमच्या भागातल्या एप्रिलबद्दल सांगायला हवं. द्राक्ष उतरलं की वेलाची सगळी जुनी काडी आम्ही खरडून काढतो, नुसती खुंटं ठेवतो. खरड छाटणी म्हणतात तिला. त्यानंतर जी नवी काडी येते तिच्यात पुढचं फळ असतं. एप्रिलमध्ये नारायणगावच्या आसपास कुठल्याही बागायतदाराच्या हातात कात्री दिली आणि समोर काहीही हिरवं आलं, तर तो ते कापील. मी आमच्या दारातली तगर त्याच महिन्यात छाटायचे. मला वाटायचं देवानं एप्रिल त्याचसाठी केलाय.

एका सकाळी मी घोडेगावला गेले आणि तिथून आहुप्याची गाडी धरली. घरी सांगितलं, देवदर्शनाला चाललेय. मनाला सांगितलं, बिचारीची झाडं फांद्यांनी नुसती माजली असतील, तिला छाटणी कुठं ठाऊक, आपण करून येऊ, मग कळेल तिला कॉफी कुणामुळं येते. या दोन्हींतलं कुठलं जास्त खोटं होतं ते मला आज सांगता येणार नाही.

ती घरी नव्हती. एप्रिलमध्ये त्यांचं पाणी लांबच्या झऱ्यावर असायचं, जाऊन यायला दोन-अडीच तास. दारात तिची सासू बाजेवर बसली होती. तिनं मान वर केली. "कोण हाय?"

"मी वारूळवाडीची बाई. तुमच्या सुनेच्या झाडांचं काम करते जरा."

"करा बया," म्हातारी म्हणाली. "तिला कुणाचा हातभार न्हाई."

मी खालच्या तुकड्यात उतरले. झाडं माझ्या खांद्याला आली होती, पानं गडद, चकचकीत, मी तेल लावूनही माझ्या तगरीला कधी तशी आली नाहीत. बघूनच माझं डोकं फिरलं. फांद्यांवर पानांच्या बगलेत बारीक हिरव्या टोकांचे झुबके होते, जवाच्या दाण्याएवढे, घट्ट. एका क्षणासाठी मला तो चिकमगळूरचा मुकादम आठवला, फांदी वाकवून काहीतरी दाखवत असलेला. मग मी म्हटलं, वांझ फूट आहे. आमच्या वेलाला पण येते, फळ न धरणारी, ती काढूनच टाकायची असते. आणि कात्री चालवली.

हात माझा चांगला चालायचा. आडव्या फांद्या सगळ्या गेल्या, शेंडा गेला, दोन हात उंचीची खुंटं राहिली, अगदी आमच्या बागेसारखी ओळीत. वरच्या जांभळाची एक फांदी ऊन अडवत होती. तिच्यापर्यंत माझा हात पोचला नाही, नाहीतर तिचंही खरं नव्हतं. तीन झाडं कुंपणाच्या काट्यात अडकली होती. माझा पदर दोनदा फाटला म्हणून मी ती सोडली. ती तीन वाचली ती माझ्या साडीमुळं.

शेवटच्या झाडाशी असताना ती आली. डोक्यावर दोन हंडे होते. वाटेवरच थांबली. तिनं हंडे उतरवले, थेंब न सांडता, एकावर एक होते ते शेजारी शेजारी ठेवले. मग ओळीतून चालत आली. वाटेत जमिनीवरची एक फांदी उचलली आणि तिचा तो हिरवा झुबका माझ्या तोंडासमोर धरला.

"ह्ये काय हाय, ठावं हाय का तुमाला?"

"वांझ फूट."

"कळी हाय." तिनं नखानं एक दाणा फोडला. आत पांढरं होतं. "पावसाची वाट बघत व्हती."

"अगं, छाटल्यावर जोमानं येतं. नवी काडी येईल, तिला दुप्पट..."

"कवा?"

मी कात्री मिटून कमरेला अडकवली.

"कवा येईल, बाई? तुमाला येतंय ना सगळं. पुढल्या थंडीला येईल?"

"त्याच्या पुढच्या. फार तर त्याच्याही पुढच्या."

तिनं एक हंडा उचलला आणि त्या खुंटांच्या बुडाशी तांब्या-तांब्या पाणी घालत चालली. दोन तास चालून आणलेलं प्यायचं पाणी. मी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. ओठ चिकटले होते. तिला ते दिसत होतं. वरून म्हातारीनं हाक दिली, "सुने, पावणीला पाणी दिलंस का गं?" दुसरा हंडाही तिनं झाडांनाच घातला.

मी परतीच्या जीपची वाट बघत तासभर रस्त्यावर उन्हात उभी राहिले. शहाणी असते तर त्या तासात मला काहीतरी कळलं असतं. मी ठरवलं ते एवढंच, की झाडांना रोग होता असं सांगायचं.

आणि तसंच सांगितलं. ह्यांना सांगितलं, शेजारणींना सांगितलं, भजनाला सांगितलं. वाडीला ठाऊक झालं की आहुप्याला कॉफीवर तांबेरा पडला होता आणि मी वेळेत जाऊन तो काढला. आठ दिवसांनी दुपारचं पश्चिमेचं आभाळ काळंभोर झालं आणि डोंगरात गडगडलं. जाऊ अंगणातली वाळवणं उचलत म्हणाली, "तिकडं लई जोरात दिसतोय." मी आत जाऊन विनाकारण मोरी घासली.

पुढच्या दिवाळीनंतर आहुप्याची खाली आली. माझ्याकडं नाही. बांधापलीकडं, जावेच्या बागेत.

त्या हिवाळ्यात बांधावरून काय काय बोलणं झालं ते आता आठवलं की माझी मलाच कीव येते. बोलणं सगळं मी आणि जाऊच करायचो. ती खाली मान घालून घड विरळायची. माझे घड त्या वर्षी दुसऱ्या बाईनं विरळले आणि मणी एकमेकांना दाबून फुटले. जावेचे असे सुटे, सारखे, की व्यापाऱ्यानं बागेत आल्यावर भावाची घासाघीसच केली नाही.

"ताई," जाऊ म्हणाली, "तुमच्या त्या तांबेऱ्याचं बरं झालं बघा. तुमी न्हाई कापली असती तर ही बया आमाला कुठली मिळायला."

"रोगच होता तो."

"हो का? ती तर म्हणती, कुंपणातली तीन राहिली ती फुलली. चार दिवस वास हटला न्हाई म्हणं, जाईसारखा. रोगानं त्येवढी तीनच सोडली व्हय?"

सगळ्या बायका खाली बघत हसल्या. आहुप्याची हसली नाही. मी एकदा तिच्यासाठी बांधावरून चहा पाठवला, तो तसाच परत आला, साय धरून. एकदा स्वतः बांधापर्यंत गेले आणि "सासू कशी आहे" म्हणून विचारलं. तिनं कात्री थांबवली नाही. "एकटी हाय," म्हणाली.

त्यानंतरच्या हिवाळ्यातही ती जावेकडंच होती. खुंटांना फुटवे आले होते, पण कोवळे, त्यांच्यावर अजून कळी धरत नव्हती. पौषात एका सकाळी निरोप आला की म्हातारी झाडांना पाणी घालायला गेली आणि उतारावरून पडली, मांडीचं हाड मोडलं. अर्धी ओळ तशीच टाकून ती निघाली. जाताना बांधाच्या तोंडाशी आमची गाठ पडली. मी बाजूला सरकले. तिनं माझ्याकडं असं पाहिलं जसं वाटेत पडलेल्या दगडाकडं पाहतात, पाय लागू नये एवढ्यापुरतं.

मी त्या रात्री ह्यांना खरं सांगितलं, रोग-बिग काही नव्हता म्हणून. ते म्हणाले, "ठावं हाय. अख्ख्या वाडीला ठावं हाय. तुलाच सांगायचं राहिलं व्हतं."

आणखी एक वर्ष गेलं. ती खाली आली नाही. जाऊ म्हणाली, तिची कॉफी सुरू झाली. मी आठ दिवस काढले, मग जानेवारीत एकदा घोडेगावची गाडी धरली. या वेळी कात्री घरी ठेवली, चष्मा घेतला.

दारात चूल होती, वर मातीचा गिलावा नवा. बाकावर पाच-सहा पोरंपोरी बूट सोडून बसली होती, मागं आणखी दोघं-तिघं उभी. धुकं नुकतंच वर गेलं होतं, थंडीनं माझी बोटं आखडली होती. खालच्या तुकड्यात झाडं पुन्हा खांद्याला आली होती आणि त्यांच्यावर उरलीसुरली लाल फळं होती. सासू आतल्या बाजेवर आडवी होती, पाय उशीवर. मी तिला हाक मारली नाही.

मी रांगेत उभी राहिले. तिनं मला पाहिलं, पण माझ्या आधीच्या सगळ्यांना दिल्याशिवाय माझ्याकडं वळली नाही. मग स्टीलच्या पेल्यात कॉफी आली, काळी, गूळ थोडा. मी बाकाच्या टोकाला टेकून दोन घोट घेतले. आधी किंचित आंबट, मग गोड, आणि मग बराच वेळ जिभेवर काहीतरी राहतं, ह्यांनी सांगितलं होतं तसंच. वारूळवाडीचं ऊन, तिथलं चुन्याचं पाणी, माझी सगळी हुशारी, यातलं काहीही घालून मला ती जन्मात करता आली नसती. तिथली रात्र, तिथलं धुकं, ते पाच कोरडे महिने आणि तो एकच वळीव, एवढं सगळं त्या पेल्यात होतं. आणि मी तो वळीव यायच्या आठ दिवस आधी तिथं पोचले होते.

मी म्हटलं, "माझं चुकलं."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली,

"तुमी कापली म्हून झाडं मेली न्हाईत, बाई, झाडं परत आली. माझ्या दोन थंड्या गेल्या आन सासूचा पाय गेला, त्यो काय चुकलं म्हणून जुळत न्हाई. कॉफी गरम हाय तवर पिऊन घ्या, पेला तिकडं हौदाशी इसळून पालथा घाला आन बाकावरनं उठा, मागं माणसं उभी हायेत."